‘सवयीचा हलगर्जीपणा’ : अवधानाची उणीव, मनाचा ताण आणि शरीरातील दाह



गेली तीस वर्षे आम्ही नागपूर आणि हिंगणा भागातील कामगारांच्या आरोपपत्रांना उत्तरे लिहीत आलो आहोत. कामगार त्या कागदाला ‘चार्जशीट’ म्हणतो, आणि तो हातात पडला की युनियनच्या कचेरीचा जिना चढतो. या कागदांतील काही शब्द आम्हांला पाठ झाले आहेत. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली जे आदर्श आदेश तयार झाले, त्यांत गैरवर्तनाची यादी होती. सवयीने उशिरा येणे, सवयीने रजेवाचून गैरहजर राहणे, सवयीचा हलगर्जीपणा, असे दोष तीत मोजलेले होते. २०२५ साली तो कायदा जाऊन त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखान्यातील बोलण्यात मात्र ‘सवयीचा’ हा शब्द अजून आहेच. हा शब्द वरवर साधा दिसतो. पण त्यात माणसाचा निवाडा आधीच होऊन गेलेला असतो. ज्याला सवय लागली त्याने ती मनावर घेतले तर सोडली असती, असे तो शब्द गृहीत धरतो.

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही वैद्य नाही. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंत. पुढचे वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण त्याने आमची एक चूक आम्हांला दाखविली. ती प्रथम सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यातील फिटर आमच्याकडे आला. कारखान्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. या फिटरच्या हातात कला होती. बंद पडलेले यंत्र इतरांनी दोन दिवस खोलून ठेवावे आणि याने जेवणाच्या सुटीत सुरू करावे, असा त्याचा लौकिक. पण रजिस्टरवर नोंद करायची राही, हत्यारे भलतीकडे पडत, आणि महिन्यातून सात-आठ वेळा तो फाटक बंद झाल्यावर पोहोचे. आरोपपत्र आले. आम्ही त्याला म्हटले, “अरे बाबा, एवढं डोकं आहे तुला, मग वेळेवर काहून येत नाहीस?” तो खाली मान घालून म्हणाला, “भाऊ, मले समजते सारं. पण ऐन वेळेवर डोस्क्यात राहातच नाही जी.”

आम्हांला ती सबब वाटली. आम्ही त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला : ‘माझ्या निष्काळजीपणामुळे असे घडले, यापुढे घडणार नाही.’ चार महिन्यांनी पुन्हा घडले. तेव्हा तोच माफीनामा चौकशीत कबुलीजबाब म्हणून पुढे आला आणि फिटर बडतर्फ झाला. कागद आमच्या हातचा होता.

काही वर्षांनी तो पुन्हा जिना चढून आला. त्याचा मुलगा वर्गात एका जागी बसत नाही म्हणून शाळेने सरकारी रुग्णालयात पाठविले होते. डॉक्टरांनी मुलाला तपासले आणि मग बापालाच प्रश्न विचारू लागले : लहानपणी तुम्ही कसे होता? सोबत आजी होती. ती म्हणाली, “हा तं बापाचीच नक्कल आहे जी.” मुलाबरोबर बापाचाही रोग त्या दिवशी कळला. त्याचे वय तेव्हा बेचाळीस. रक्तदाब वाढलेला, वजन वाढलेले, दमा जुना, झोप नाही, आणि खर्रा खाऊन खाऊन तोंड पुरते उघडत नव्हते. त्याने आम्हांला विचारले, “भाऊ, हे सगळं एकाच माणसाले काहून?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

रोग कोणता

डॉक्टर मंडळी ज्याला एडीएचडी म्हणतात, त्याला मराठीत अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. आपल्या मेंदूच्या पुढच्या भागात जणू एक मुकादम बसलेला असतो. कोणते काम आधी, कोणते नंतर, किती वेळ उरला, आता जीभ आवरावी की बोलावे, हे तो ठरवितो. डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलीन या दोन रसायनांवर त्याचे कामकाज मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या रोगात मुकादमाचा अंमल ढिला पडतो. आवडीच्या किंवा निकडीच्या कामात हाच माणूस तहानभूक विसरतो, आणि रोजच्या नीरस कामात त्याचे लक्ष हातातून निसटते. आमच्या फिटरचे यंत्र आणि त्याचे रजिस्टर यांतील फरक हाच होता.

वैद्यकालाही हे उमगायला वेळ लागला. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालवैद्याने अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्याने हा नैतिक संयमातील दोष म्हणून मांडला. आमच्या ‘सवयीच्या हलगर्जीपणा’चाच तो थोरला भाऊ म्हणायचा. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली याला दिसले की एका उत्तेजक औषधाने अशी काही मुले उलट शांत होऊन अभ्यासाला लागतात. मोठ्या माणसांवर औषधांचे रीतसर प्रयोग पॉल वेंडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केले ते १९७६ च्या सुमारास. तोवर समज असा होता की मूल मोठे झाले की हे आपोआप जाते. पुष्कळांचे कमी होते, हे खरे. पण सर्वांचे जात नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर प्रौढांत याचे प्रमाण शेकडा अडीचच्या आसपास निघते. चारशे कामगारांच्या कारखान्यात अशी दहा माणसे असणार, हा हिशेब प्रत्येक युनियनने आणि प्रत्येक मालकाने करून पाहावा.

आणि हे रक्तातून येते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसते की या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातील सुमारे ७४ टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. आजीचे बोलणे शास्त्राला धरूनच होते.

ताण कसा काम करतो

आता ताणाकडे वळू. आमचे वडील एम्प्रेस मिलच्या विणकाम खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी २००२ साली बंद झाली. पण तिचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे अशी मंडळी या सभेत असतील. भोंगा झाला की सारी वस्ती हलत असे. शरीरातही असा एक भोंगा आहे. संकट दिसले की मेंदू खालच्या ग्रंथीला हुकूम देतो, ती मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला कळविते, आणि तेथून कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात येतो. साखर वाढते, नाडी जलद होते, अंग कामाला सज्ज होते. माँट्रियलच्या हान्स सेली याने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविले की मार कोणत्याही प्रकारचा असो, शरीर त्याला बऱ्याच अंशी एकाच ठराविक रीतीने उत्तर देते. पुढे त्या उत्तराला ‘स्ट्रेस’ हे नाव मिळाले. आपण ताण म्हणतो.

भोंगा सकाळी एकदा वाजला तर उपयोगाचा. तो दिवसभर वाजत राहिला तर? अवधान-न्यूनता असलेल्या प्रौढ माणसाचा दिवस पाहा. किल्ली सापडत नाही, बस चुकते, फाटकावर बोलणी, कामावर बोलणी, विजेचे बिल भरायचे राहिले म्हणून घरी बोलणी. लहानपणापासून हजारो वेळा ‘तुझं लक्ष कुठं असतं?’ हे ऐकलेले. अशा माणसांना विचारले तर ती इतरांपेक्षा अधिक ताण सांगतात, हे अनेक पाहण्यांत आढळले आहे. त्यांच्या कॉर्टिसॉलची मोजदाद केली तर मात्र उत्तरे एकमुखी येत नाहीत. कुठे कमी, कुठे अधिक, कुठे इतरांइतकेच.

यातली दुष्टाव्याची गोष्ट पुढेच आहे. येल विद्यापीठातील एमी आर्न्स्टन यांनी दाखविले आहे की ताण वाढला म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात तीच दोन रसायने प्रमाणाबाहेर वाढतात आणि मुकादमाचे काम ठप्प होते. धडधाकट माणसाचेही होते. मग ज्याचा मुकादम मुळातच दुबळा, त्याला चारचौघांत झापून काय मिळणार? चुकीबद्दल बोलणी, बोलण्यांनी ताण आणि ताणामुळे पुढची चूक, असे हे रहाट फिरत राहते. आम्ही स्वतः त्या रहाटाला कितीतरी वेळा हात लावला आहे.

दाह म्हणजे काय

बोट कापले की ते लाल होते, गरम लागते, सुजते, दुखते. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदविली. यालाच दाह म्हणावयाचे. हा शत्रू नव्हे. जखमेकडे धावून गेलेली ती शरीराची कुमक आहे. पांढऱ्या पेशी जमतात, एकमेकींना रासायनिक निरोप पाठवितात, जंतू मारतात आणि काम झाले की पांगतात. या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-६ हा त्यांतला एक. हा निरोप यकृताला मिळाला की ते सीआरपी नावाचे एक प्रथिन रक्तात सोडते. १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते प्रथम सापडले, आणि आज कोणत्याही प्रयोगशाळेत ते मोजून मिळते.

परंतु दाहाचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात सूज दिसत नाही, ताप येत नाही; राखेखाली विस्तव धुमसावा तसा तो वर्षानुवर्षे धुमसतो. वाढलेली चरबी, तंबाखू, अपुरी झोप आणि दीर्घ ताण ही त्याची इंधने होत. एरवी कॉर्टिसॉल दाहाला आवर घालतो. पण ताण महिनोन् महिने टिकला तर पेशी त्याचे ऐकेनाशा होतात, असे अमेरिकेतील शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले. रोजच्या भोंग्याला सरावलेले कान जसे तो ऐकत नाहीत, तसेच हे आहे. मग आवर सुटतो. हा धुमसता दाह हृदयविकार आणि मधुमेह यांच्या वाटेवर आढळतो, हे आता सर्वमान्य आहे.

दोघांचा संबंध किती पक्का

अवधान-न्यूनता आणि दाह यांचा संबंध आहे काय? येथे जपून बोलले पाहिजे. दमा, इसब, ॲलर्जीची सर्दी आणि स्थूलता ही या लोकांत इतरांपेक्षा अधिक आढळतात. हे मोठ्या पाहण्यांनी दाखविले आहे. रक्तातील निरोप्यांची मोजणी करणारे अभ्यास मात्र लहान आहेत, त्यांतले पुष्कळसे मुलांवरचे आहेत, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून सीआरपी तपासून कोणी ‘तुम्हांला एडीएचडी आहे’ असे सांगू लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे. रक्ताच्या कोणत्याही तपासणीने हा रोग आज ओळखता येत नाही.

संबंध असेलच तर तो तीन वाटांनी असू शकतो. पहिली वाट : दाहाचे निरोपे मेंदूपर्यंत पोहोचून डोपामीनचे काम मंदावत असतील. याला थोडा आधार आहे. काविळीच्या सी प्रकारावर पूर्वी इंटरफेरॉन देत. तो स्वतःच दाहाचा निरोप्या. ते घेणारे पुष्कळ रोगी थकलेले, उदास, कशातच मन नसलेले होत, आणि त्यांच्या मेंदूत डोपामीनच्या कामात बदल आढळले. दुसरी वाट : काही अंशी तीच आनुवंशिकता दोन्हीच्या मुळाशी असावी. तिसरी वाट आम्हां कामगार कार्यकर्त्यांच्या ओळखीची आहे : रोगामुळे आयुष्याची घडी विसकटते आणि त्या विसकटलेल्या आयुष्यातून दाह होतो. तिन्ही वाटा एकाच माणसात येऊन मिळत नसतील असेही नाही. पण पहिल्या दोन वाटांवर संशोधकांनी काम करायचे आहे. तिसऱ्या वाटेवर आपण उभे आहोत.

आमच्या फिटरचेच घ्या. या रोगाच्या लोकांत तंबाखूचे व्यसन अधिक असते, कारण निकोटीन घटकाभर लक्ष एकाग्र करते. नागपुरात तो घटकाभराचा आधार खर्ऱ्याच्या पुडीत मिळतो : सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला. २०१२ च्या गुटखाबंदीनंतरही ती पुडी कुठे मिळते हे या सभेतील पोरांनाही ठाऊक आहे. सुपारीने तोंडाच्या आतील त्वचेला सतत दाह होतो, तिच्याखाली ताठर तंतू माजतात, आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. हा आपल्या डोळ्यांदेखतचा दाह. सुपारी कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे. तीच गोष्ट झोपेची. यांपैकी पुष्कळांच्या शरीराचे घड्याळ मुळातच उशिरा चालते. त्यात आठवड्याला बदलणारी पाळी. झोप तोडली की इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपी वाढतात, हे प्रयोगांत दिसले आहे. वर आपला मे महिना, पत्र्याचे छप्पर आणि शेजारी भट्टी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी पंचेचाळीस अंशांत कसली झोप लागणार?

याचा हिशेब आयुष्याच्या वर्षांत होतो. २०२५ साली ब्रिटनमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत या रोगाचे निदान झालेल्या तीस हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांचे आयुर्मान पुरुषांत सुमारे पावणेसात वर्षांनी आणि स्त्रियांत सुमारे साडेआठ वर्षांनी कमी भरले. तेथेही ज्यांचे निदान होते ती बहुधा अधिक त्रास असलेली माणसे, तेव्हा हा आकडा प्रत्येकाला लावू नये. पण संशोधकांचे म्हणणे असे की हे घडण्यामागे धूम्रपान, दारू, न झालेले उपचार आणि न मिळालेला आधार यांचा मोठा हात असावा. म्हणजे जे टाळता येईल असे पुष्कळ आहे.

काय करावे

प्रथम, सरसकट शिक्का मारू नये. उशिरा येणारा प्रत्येक कामगार रोगी नसतो. कोणाची आई आजारी असते, कोणाचे मन कामावरून उडालेले असते. डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती काय? ती घरी, कामावर, एकाहून अधिक ठिकाणी दिसतात काय? त्यांनी आयुष्य खरोखर अडते काय? हे ठरविणे मानसोपचारतज्ज्ञाचे काम. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानचे एम्स आणि १८६४ पासूनचे मनोरुग्णालय येथे ते भेटतात. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत गेला की माणूस वेडा ठरला, ही समजूत आता तरी टाकावी. घरून बोलायचे असेल तर २०२२ साली सुरू झालेली सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

औषधे आहेत, मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटीन ही त्यांची नावे. पहिले १९४४ साली तयार झाले. ती दुकानातून आपल्या मनाने घ्यायची नाहीत. नाडी आणि रक्तदाब त्यांनी थोडे वाढू शकतात, तेव्हा तपासणी हवी. औषध चालू असता अशा लोकांचे रस्त्यावरील अपघात कमी होतात, असे स्वीडनमधील नोंदींवरून दिसले आहे. यंत्रावर काम करणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. दाह उतरविण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या महाग गोळ्यांनी हा रोग बरा होतो, याला पुरावा नाही. हळद भाजीत घालावी. ओमेगा-३ या माशांच्या तेलातील स्निग्ध पदार्थाचा गुण आढळला तोही अगदी थोडा. खर्रा सोडणे, झोप सांभाळणे, रोज घाम येईपर्यंत चालणे, रक्तदाब आणि साखर तपासणे : दाह कमी करणारे हे उपाय जुनेच आहेत आणि स्वस्त आहेत. पण पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्याला ‘झोप सांभाळ’ सांगणे म्हणजे थट्टाच होय. म्हणून पुढचा भाग मालकाचा आणि आमचा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार त्यांत आहेत; एडीएचडीचे नाव वेगळे नाही. तेव्हा कायद्याचे बोट धरून आम्हांला फार पुढे जाता येत नाही. पण अशा माणसाला जे लागते त्याचा खर्च तरी किती? तोंडी हुकमाऐवजी चिठ्ठी. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगविलेली. पाळी शक्यतो एकच. नोंदीचे रजिस्टर कचेरीत न ठेवता यंत्राशेजारी टांगलेले. चूक झाली तर बाजूला बोलावून सांगणे. एका कारखान्यात आम्ही यांतल्या दोन गोष्टी मान्य करून घेतल्या, आणि पर्यवेक्षक म्हणाले की याचा उपयोग सगळ्यांनाच झाला.

आमच्या कचेरीतही आम्ही एक नियम केला आहे. ‘सवयीचा’ हा शब्द असलेले आरोपपत्र आले की माफीनामा लिहून घ्यायचा नाही. आधी माणसाला बसवून विचारायचे : हे कधीपासून? शाळेतही असेच होते काय? घरी काय होते? झोप किती? खर्रा किती? उत्तरे तशी आली तर वकिलाआधी डॉक्टर.

तो फिटर आता घराच्या ओट्यावर पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. औषध चालू आहे, रक्तदाब उतरला आहे, खर्रा दोनदा सुटून पुन्हा लागला आणि आता तिसऱ्यांदा सुटला आहे. तोंड मात्र पहिल्यासारखे उघडत नाही. गेलेली नोकरी आम्ही त्याला परत मिळवून देऊ शकलो नाही. त्याच्या माफीनाम्याची प्रत आमच्या कपाटात आहे. नवा कार्यकर्ता कामाला लागला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला ती वाचायला देतो.